विहीणबाईंची जमीन

युलानताईंकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते लग्नाच्या मांडवात. तोवर त्या मला फोनच्या पडद्यावर दोन-तीनदा दिसल्या होत्या, पण तेव्हा त्या नुसत्या मान हलवून हसायच्या आणि मीही तेच करायचे. माझ्या मुलाचं, परीक्षितचं लग्न शिकागोजवळच्या एका देवळाच्या हॉलमध्ये होतं. मी साताऱ्याहून गेले होते. त्या चीनच्या आन्हुई प्रांतातल्या आपल्या खेड्यातून लेकीच्या लग्नाला आल्या होत्या. माझ्या सुनेला, वेनलीला वडील नाहीत, म्हणून कन्यादानाला आमच्या ओळखीचं एक जोडपं बसणार होतं. गुरुजी हौशी होते, प्रत्येक विधी इंग्रजीत समजावून सांगत होते. त्यांनी कन्यादानाचा अर्थ सांगितला, वेनलीनं तो आईच्या कानाशी चिनीत सांगितला, आणि युलानताई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

“काय म्हणतायत त्या?” गुरुजींनी विचारलं.

वेनली जरा ओशाळली. “ती म्हणतेय, मी देत नाही. मी तिला राहायला पाठवतेय.”

“अहो, हे सिम्बॉलिक आहे, त्यांना सांगा.”

वेनलीनं सांगितलं. युलानताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आवाज न चढवता. मागे कुणीतरी हसलं. माझी जाऊ माझ्या कानात म्हणाली, “विहीण कडक मिळाली हं तुला.” शेवटी ते कन्यादान झालंच नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि पुढचा विधी घेतला. नव्या वर्गात पहिल्याच दिवशी न घाबरता हात वर करणारं मूल जसं लक्षात राहतं, तशा त्या माझ्या लक्षात राहिल्या.

पुढे इला झाली. मी शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेच होते, साताऱ्याचं घर बंद करून शिकागोजवळ नेपरव्हिलला, मुलाकडे आले. वेनलीनं आपल्या आईलाही बोलावून घेतलं. अशा आम्ही दोन विहिणी एका घरात राहू लागलो. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी फोनवर विचारायच्या, “जमतं का गं?” जमायचं. एकमेकींची भाषा येत नाही, हे विहिणींच्या बाबतीत फार सोयीचं असतं. वेनलीशी मी इंग्रजीत बोलते, तिच्या आईशी वेनलीमार्फत, आणि वेनली ऑफिसात असली की हातांनी. इलाला वरणाचं पाणी भरवायचं की भाताची पेज, यावर आम्ही हातांनी भांडलोही आहोत.

त्या ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. चालताना किंचित पुढे झुकतात, पाठीवर काहीतरी असावं तशा. केस स्वतःच कापतात. एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. माझा चष्मा, माझी पुस्तकं, माझी जपमाळ घरभर पसरलेली असायची. त्यांची एकही वस्तू त्यांच्या खोलीबाहेर नसे. अंघोळ झाली की टॉवेलसुद्धा बाथरूममध्ये न ठेवता त्या खोलीत नेऊन वाळत घालत. मी एकदा वेनलीला म्हटलं, “अगं, त्यांना सांग, इथे हुक आहे की.” वेनली म्हणाली, “सांगितलंय आई. नाही ऐकत.”

त्यांची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, रविवारी दुपारी शेंगा निवडताना. त्या लहान असताना गावाची शेती सामुदायिक होती. दिवसभराच्या कामाचे गुण मिळत आणि गुणांप्रमाणे धान्य. पुरुषाला दहा गुण, बाईला सहा, फार तर सात. “आणि काम?” मी विचारलं. “काम तेवढंच,” वेनलीनं आईचं उत्तर सांगितलं, “आणि घरी आल्यावर चूल.”

त्या एकोणीस-वीस वर्षांच्या असताना धोरण बदललं आणि जमीन घराघरांत वाटली गेली. गावात फटाके वाजले. वाटा माणशी होता, त्यामुळे त्यात त्यांचाही धरला गेला. आपला तुकडा कुठून कुठपर्यंत, हे त्यांनी पावलांनी मोजून ठेवलं आणि त्यात भुईमूग लावला. दोन-तीन वर्षांनी लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या. वाटा मात्र माहेरी, भावाकडे राहिला. सासरच्या गावात नव्या सुनेला वाटा मिळायचा तो पुढची वाटणी होईल तेव्हा. तोवर त्या सासरच्या जमिनीत राबायच्या आणि जेवायला बसल्या की सासू म्हणायची, “तुझं शेत तर तुझ्या भावाकडे पिकतंय.” असं बरीच वर्षं ऐकून घेतल्यावर त्यांना वाटा मिळाला. वेनली सहा वर्षांची असताना वाटण्या तीस वर्षांसाठी पक्क्या झाल्या. तेव्हा वेनलीचा वाटा धरलाच नाही. मुलगी आहे, जाणारच, असं गावकऱ्यांनी ठरवलं.

मग गावातले पुरुष शहरांत बांधकामावर जाऊ लागले आणि शेती बायकांच्या अंगावर पडली. युलानताईंचे यजमानही गेले, आणि तिकडेच आजारी पडून वारले. त्यानंतर दोघांच्या वाट्याची मिळून सोळा-सतरा गुंठे जमीन त्यांनी एकटीनं कसली. हिवाळ्यात गहू, उन्हाळ्यात भुईमूग. त्यावर आणि डुकरांवर वेनली शिकली, ती थेट अमेरिकेपर्यंत. पण सरकारदरबारी हे सगळं धाकट्या दिराच्या घरात धरलेलं होतं. घरचा कर्ता पुरुष तो. त्याच्या नावाखाली युलानताईंचं नाव.

आमच्याकडे बहिणी भावाला हक्कसोड लिहून देतात, हे मी त्यांना त्याच दुपारी सांगितलं. मीही दिलं होतं, आणि भावानं मला साडी घेतली होती.

“कसली साडी?” त्यांनी विचारलं.

“इरकली. जांभळी.”

“आहे अजून?”

“नाही हो. विरली कधीच.”

त्यांनी मान हलवली आणि पुढची शेंग उचलली.

गेल्या वर्षी ऑगस्ट संपत आला होता. एका सकाळी त्यांचा फोन सारखा वाजू लागला. त्या ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला, फोन कानाला लावला, आणि मला परीक्षितचा आवाज ऐकू आला. परीक्षित त्या वेळी वरच्या मजल्यावर दाढी करत होता. फोनमधला परीक्षित चिनी बोलत होता.

तो आवाज मला ओळखीचा होता. फेब्रुवारीत चिनी नववर्षाला त्यानं सासूच्या दिराला पाठवलेला निरोप होता तो. कितीतरी दिवस शिकागोच्या ट्रेनमध्ये बसून त्यानं ती वाक्यं घोकली होती, वेनलीनं उच्चार बसवून घेतले होते. सासूला तो मा म्हणतो. “काका, मांची काळजी करू नका. त्या आता आमच्या घरच्या आहेत. आम्ही त्यांना आयुष्यभर सांभाळू, काही कमी पडू देणार नाही.” आपल्याकडे जावई सासरच्या मंडळींशी असंच बोलतो. निरोप पाठवल्यावर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

वेनली खाली आली, तिनं आईच्या हातातून फोन घेतला आणि वाचता वाचता खुर्चीवर बसली.

तीस वर्षं संपत आली होती. जमिनीचे करार आणखी तीस वर्षांसाठी पुढे चालू राहणार होते आणि त्याआधी गावच्या सभेत घराघरांतली नावं पक्की व्हायची होती. दिरानं परीक्षितचा निरोप गावाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘वहिनी जावयाच्या घरी कायमच्या गेल्या. त्यांना आता जमिनीची गरज नाही, हे जावई स्वतः सांगतोय. त्यांचं नाव काढावं.’

युलानताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. पुढच्या खेपेला नावं लिहिली जातील तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे असतील. या वेळी गेलेलं नाव परत लागणार नव्हतं.

परीक्षित अर्धी दाढी झालेली, तसाच जिन्यात उभा होता. “मी जस्ट पोलाइट बोललो होतो यार,” तो वेनलीला म्हणाला. “सगळेच असं बोलतात.”

“तुमच्याकडे बोलतात,” वेनली म्हणाली.

युलानताईंनी निरोप पुन्हा लावला. सगळा ऐकला. मग काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणाल्या?” परीक्षितनं विचारलं.

“तुझे उच्चार चांगले आहेत म्हणाली. गावात सगळ्यांना कळलं.”

सभा दोन आठवड्यांनी होती. युलानताईंचं म्हणणं सरळ होतं, मी जाते. पण त्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज मधेच अडकलेला होता. परीक्षितनं वकिलांना फोन केला. प्रवासाची परवानगी हातात नसताना देशाबाहेर गेल्या तर अर्ज गेलाच समजा, वकील म्हणाले, आणि मग पुन्हा कधी येता येईल ते सांगता येणार नाही. परवानगी कधी येणार? तेही सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी मायलेकींचं भांडण झालं. मी इलाला मांडीवर घेऊन बसले होते. मला शब्द कळत नव्हते, पण वेनलीचा आवाज वर वर जात होता आणि तिच्या आईचा होता तिथेच होता. शेवटी वेनली माझ्याकडे वळली.

“आई, तुम्ही सांगा तिला. सोळा गुंठ्यांत किती गहू होतो? मी कॉस्टकोतून आणून देते तिला तेवढा. इथे काय कमी आहे?”

“त्या काय म्हणतायत?”

वेनली जरा थांबली. “ती म्हणतेय, उद्या तुमचं दोघांचं भांडण झालं तर मी कुठे जाऊ?”

इला माझ्या बांगड्या फिरवत होती. वेनलीनं पुढे आपल्या आईला उत्तर दिलं नाही, आणि पुढचे काही दिवस दोघी एकमेकींशी फक्त इलापुरतं बोलल्या. युलानताईंच्या खोलीचं दार उघडं असायचं. आत पलंगाच्या पायाशी सुटकेस भरून ठेवलेली दिसायची.

त्याच वर्षी तिकडे एक नवा कायदा लागू झाला होता. लग्न झालं, घटस्फोट झाला, नवरा वारला म्हणून बाईचा गावच्या जमिनीवरचा हक्क काढता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. वेनलीनं तो शोधून काढला आणि समेटासारखा आईपुढे धरला. युलानताईंनी चष्मा लावून सगळा वाचला.

“कायदा चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पण तो आपल्या सभेला येणार नाही. सभेला तुझा काका येईल.”

सभेच्या आदल्या दिवशी जेवताना त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि थेट परीक्षितकडे बघून बोलू लागल्या. वेनली ऐकता ऐकता लाल झाली.

“ती म्हणतेय, तू सभेत बोलायचं. फोनवरून. म्हणायचं की मा आमच्या घरची नाही, पाहुणी आहे. घरात माझी आई आहे. मुलगा आपल्या आईला सांभाळतो, बायकोच्या आईला नाही.”

परीक्षितचा घास हातातच राहिला. “नो वे. शी इज सिटिंग राइट हिअर. त्यांच्या तोंडावर मी असं बोलू?”

“तोंडावर नाही, फोनवर,” वेनली म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

“आणि खोटं आहे ते.”

युलानताईंना हे सांगितलं गेलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “यात खोटं काय? ही तुझी आई इथे बसलेली नाही का?”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “त्यांना विचार, भर सभेत असं अर्धंच खरं बोललेलं चालेल का?”

त्या माझ्याकडे वळल्या. मग हळूहळू बोलल्या, वेनलीला सांगायला सोपं जावं म्हणून मधे थांबत. “तिथे मला जे विचारायला हवं ते कुणी विचारणार नाही. त्या जमिनीत मी किती वर्षं वाकले, हे कुणी विचारणार नाही. कोण कुणाला पोसतंय, एवढंच विचारतील. मग मी त्याचंच उत्तर देणार.”

“बरं. आणि मी काय करायचं?”

“तुम्ही शेजारी बसायचं,” वेनली म्हणाली. “आणि, सॉरी आई, हसायचं नाही. ती म्हणतेय तुम्ही फार हसता.”

तिकडची शनिवार संध्याकाळ म्हणजे आमच्याकडची शनिवार सकाळ. चुन्हुआ नावाच्या युलानताईंच्या जुन्या शेजारणीनं सभेच्या खोलीत आपला फोन उभा करून दिला. इकडे आम्ही फोन चहाच्या डब्याला टेकवला. सोफ्यावर मधे परीक्षित, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला युलानताई, पण हातभर अंतर सोडून. तेही त्यांनीच ठरवलं होतं. मी मोठं कुंकू लावून, गडद साडी नेसून बसले होते. वेनली कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून माझ्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिकडचं बोलणं आम्हाला दबक्या आवाजात इंग्रजीत सांगत राहिली.

पडद्यावर ट्यूबलाइटचा पांढरा उजेड होता. प्लास्टिकच्या स्टुलांवर माणसं, म्हणजे बायकाच. कुणी विणत होती, कुणी सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती. घरातले कर्ते पुरुष शहरांत कामावर, त्यांच्या जागी त्या आल्या होत्या. पुढे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, गावाच्या त्या वस्तीचे प्रमुख. त्यांच्या शेजारी दीर, उंच, नीटनेटक्या जाकिटात.

दिरानं परीक्षितचा निरोप सगळ्यांना ऐकवला. ऐकल्यावर दोन-चार बायका हसल्या.

“चांगला बोलतो की,” एक म्हणाली.

“परदेशी जावई असून बोलतो. माझा इथला असून बोलत नाही,” दुसरी म्हणाली.

“ऐकलंत ना,” दीर म्हणाला. “आयुष्यभर सांभाळू, म्हणतोय. वहिनी सुखात आहेत, मला आनंदच आहे. पण तिकडेही खायचं आणि इकडेही, हे बरं नाही.”

प्रमुखांनी फोनकडे बघितलं. परीक्षितनं घसा साफ केला. त्यानं पाठ केलेलं सगळं म्हटलं. नववर्षाला मी फक्त सौजन्यानं बोललो. मा आमच्याकडे पाहुण्या आहेत. ही माझी आई, मी तिला सांभाळतो.

सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. मी परीक्षेला पर्यवेक्षण करताना बघायचे तशी बघत राहिले.

“सासू आहे ही?” कुणीतरी विचारलं.

“दिसतेच आहे,” चुन्हुआ म्हणाली. “बघा कशी बसलीय.”

बायका हसल्या. दीर हसला नाही. आणि तेवढ्यात जिन्यावर लहान पावलं वाजली. इला झोपेतून उठून खाली आली होती. तिनं आम्हाला सगळ्यांना एका ओळीत बसलेलं बघितलं आणि सरळ युलानताईंच्या मांडीवर चढून त्यांच्या गळ्यात हात टाकला. “लाओलाओ,” ती म्हणाली. म्हणजे चिनीत आजी, आईची आई.

माझ्या पायाशी बसलेल्या वेनलीनं डोळे मिटले.

“बघा,” दीर म्हणाला, “पाहुणी म्हणे. पाहुणीच्या गळ्यात पडतं का मूल?”

युलानताईंचे हात इलाच्या पाठीजवळ नेऊन तसेच हवेत थांबले होते. तिला जवळ घ्यावं तर दिराचं खरं होत होतं, आणि दूर करणं त्यांच्याच्यानं होत नव्हतं.

“का नाही पडणार?” चुन्हुआ म्हणाली. “मूल सांभाळायलाच नेलंय तिला. मूल शाळेत गेलं की देतील तिकीट काढून. माझ्या नणंदेचं काय झालं नानजिंगमध्ये? पोटची मुलगी, पण नातू पहिलीत गेला आणि जावई म्हणाला, आता खोली अपुरी पडते.”

“माझ्या बहिणीचंही तेच,” विणणारी बाई म्हणाली. तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. “परत आली तर जमीन पुतण्याकडे.”

खोलीत बोलणं वाढलं. वेनलीला सगळं सांगता येईना. प्रमुखांनी टेबलावर थापट्या मारल्या आणि थेट परीक्षितला विचारलं. हा प्रश्न आम्ही धरलाच नव्हता. वेनलीनं तो हळू आवाजात सांगितला. “म्हाताऱ्या झाल्या, अंथरुणाला खिळल्या, तर तुम्ही त्यांना बघाल का? हो की नाही, एवढंच सांगा.”

परीक्षितला ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही शब्द चिनीत येत होते. तो फोनकडे बघत राहिला. लहानपणी त्याला न झालेला गृहपाठ झाला असं सांगता यायचं नाही, तो असाच उभा राहायचा, ओठ घट्ट मिटून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. युलानताईसुद्धा समोरच बघत होत्या. स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर चालू होती. वेनलीनं माझ्या साडीचा पदर मुठीत धरला होता.

तो काही बोलला नाही.

तिकडे कुणीतरी चुकचुकलं.

“कळलं,” प्रमुख म्हणाले.

“अहो, त्याला प्रश्न समजला नसेल,” दीर घाईनं म्हणाला. “पुन्हा विचारा.”

“मघाशी एवढं बोलला, आणि आता समजत नाही होय?” चुन्हुआ म्हणाली.

प्रमुखांनी घरटी एक हात वर करायला सांगितलं. नाव राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी. चुन्हुआचा हात वर गेलाच होता. विणणाऱ्या बाईचा गेला. मग काही क्षण कुणाचाच नाही. मागच्या रांगेतल्या एका तरुण बाईचा फोन वाजला, तिनं तो कानाला लावला, आतून पुरुषाचा आवाज येत होता. “इथे फार आवाज आहे, काही ऐकू येत नाही,” ती म्हणाली आणि फोन खिशात टाकून तिनं हात वर केला. तिच्या मागे आणखी हात गेले. दिराच्या बाजूला बसलेल्या पाच-सहा जणांचे खाली राहिले. प्रमुख उठून रांगांमधून फिरले आणि परत येऊन बसले.

“नाव राहील,” ते म्हणाले. “गव्हाची पेरणी तोंडावर आलीय. जमीन कोण बघणार?”

दीर काही बोलायच्या आत युलानताई पहिल्यांदा बोलल्या. “चुन्हुआ.”

वेनलीनं मान वर करून आईकडे बघितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. वहिनी अमेरिकेला गेल्यापासून ती जमीन दीरच करत होता.

तो उठून उभा राहिला. “मग दादाच्या कबरीचंही चुन्हुआलाच सांगा,” तो म्हणाला. “इतकी वर्षं वसंतात मी साफ करत होतो.”

इलाचा एक पाय युलानताईंच्या हातात होता, त्यावरून त्या अंगठा फिरवत राहिल्या. “बरं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच हात पुढे करून फोन बंद केला.

परीक्षित उठून गराजमध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. मी चहा टाकला. वेनली तिथेच जमिनीवर बसून होती. तिनं आईला काहीतरी विचारलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा तेच इंग्रजीत मला सांगितलं. “मी तिला विचारलं, तुला खरंच असं वाटतं का, की इला शाळेत गेली की आम्ही तुला परत पाठवू?”

युलानताई उठल्या होत्या. त्यांनी कांद्याची पात चिरायला घेतली, अंडी फोडली, आणि परीक्षितला आवडतात तशी पातळ धिरडी काढली. तो आत आल्यावर बशी त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्या समोर बसल्या.

“मा, सॉरी,” तो म्हणाला.

“तू गप्प झालास तेव्हा मला भीती वाटली,” वेनलीनं त्यांचं सांगितलं. “खोटं बोलशील अशी नाही. खरं बोलशील अशी.”

परीक्षित खाली मान घालून खात राहिला. मला वाटतं, ते त्याला पुरलं असावं. वेनलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या दिवशी मिळालं नाही. दुपारी युलानताईंनी सुटकेसमधले कपडे काढून परत कपाटात लावले. वेनली दारात उभी राहून बघत होती. तिनं मदतीला हात लावला नाही आणि आईनंही तिला बोलावलं नाही.

त्यानंतर चुन्हुआनं वेळेवर गहू पेरला आणि शेताचे फोटो पाठवले. दिरानं युलानताईंना फोनच्या यादीतून काढून टाकलं. एप्रिलमध्ये कबरींचा सण आला, तेव्हा चुन्हुआ तिकडे झाडू आणि उदबत्त्या घेऊन गेली, पण दिराच्या बायकोनं तिला वाटेवरूनच परत पाठवलं. परक्या बाईचं तिथे काम नाही, म्हणाली. हे कळलं त्या दिवशी युलानताईंनी जेवण केलं नाही. मी पेज नेऊन दिली, ती त्यांनी घेतली. गावात आजही असंच समजतात, की वेनलीचा नवरा सासूला विचारत नाही आणि त्याची आई महाखाष्ट आहे. चुन्हुआ अधूनमधून माझी चौकशी करते म्हणे, म्हातारी अजून तशीच आहे का, अशी.

ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही, पण काम करायची परवानगी आली आहे. इला जानेवारीपासून प्रीस्कूलला जाते. युलानताई जिन्याजवळच्या त्याच खोलीत राहतात आणि आठवड्यातल्या तीन सकाळी एका चिनी किराणा दुकानात भाजी निवडायचं काम करतात. ट्रेन पकडायला जाताना परीक्षित त्यांना दुकानाच्या दारात सोडतो.